गाव सुटलं की आडनाव लागतं

चिपळुणात राहणाऱ्या माणसाला चिपळूणकर म्हणायचं काही कारण नसतं. तिथे सगळेच चिपळूणचे. तो घाट चढून वर गेला, नव्या गावात कोणी ‘तुम्ही कुठले?’ म्हणून विचारलं, की मग ते आडनाव लागतं. घराण्याचा माग काढायला बसणारे बरेच जण इथेच पहिली चूक करतात. ‘कर’ ज्याला लागलाय ते गाव म्हणजे आपलं मूळ, असं धरून चालतात. ते गाव फक्त एवढंच सांगतं, की आडनाव पक्कं झालं तेव्हा घराणं तिथून उठून आलेलं होतं. त्याआधी ते त्या गावात दहा पिढ्या नांदलं की दहा वर्षं, हे आडनावाला ठाऊक नसतं.

शिवाय आडनाव ही घरातली सगळ्यात लवकर बदलणारी चीज आहे. देव बदलत नाही, गोत्र बदलत नाही, शेताचा बांध सहसा बदलत नाही. आडनाव मात्र एका पिढीत बदलतं. नाना फडणीस वेळासच्या भानू घराण्यातले. पेशवे मूळचे श्रीवर्धनचे भट. रास्ते मूळचे गोखले. होळकर हे नाव नीरेकाठच्या होळ गावावरून आलं. आणि कागदावर आडनाव कसं बदलतं याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. घराणं सकपाळ, गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, आणि साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी लिहिलेलं नाव ‘भिवा रामजी आंबेडकर’. म्हणजे ‘आंबेडकर’ आडनाव धरून जुने कागद शोधायला बसलं, तर त्या घराण्याच्या आधीच्या पिढ्या हाती लागणारच नाहीत.

म्हणून शोध आडनावाचा घेऊ नये. गाव, जमीन आणि मान या तीन गोष्टींचा घ्यावा. आडनाव त्यांच्या मागोमाग येतं.

तरी हातातलं आडनाव कोणत्या प्रकारचं आहे ते आधी पाहून घ्यावं, कारण त्यावर पुढची वाट ठरते. गावावरून आलेलं असेल तर त्या नावाची गावं किती आहेत ते मोजा. वडगाव, पिंपळगाव, निंबगाव अशी गावं जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. वडगावकर आडनावावरून गाव ठरवणं म्हणजे जत्रेत हरवलेल्या पोराला नुसतं ‘बाळ्या’ म्हणून हाका मारणं. जनगणनेची गावांची यादी जिल्हावार मिळते, ती घेऊन बसावं. खुर्द आणि बुद्रुक दोन्ही पाहावीत, आणि नुसत्या नकाशावर विसंबू नये, कारण उठून गेलेली, ‘बेचिराख’ म्हणून नोंदलेली गावं महसुली यादीत सापडतात, नकाशावर नाही. गावाचं नाव आडनावात येताना झिजतं, हेही लक्षात ठेवावं. आंबडवेचं आंबेडकर होताना झालं तसं शेवटचं अक्षर गळतं, मधला स्वर सरकतो. पेठकर, मळेकर, वाडेकर यांच्यामागे गाव असेलच असं नाही. वस्तीतली पेठ, मळा किंवा वाडाही असू शकतो. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडे ‘वार’ शेवटी असलेली आडनावं भेटतात, त्यात तेलुगूतला ‘वारु’ बसलेला आहे. तिथे तेलंगणाच्या बाजूने पाहायला लागतं.

हुद्द्यावरून आलेलं आडनाव, म्हणजे कुलकर्णी, देशपांडे, पाटील, देशमुख, चौगुले, सबनीस, पोतनीस, हे शोधायला एका अर्थी सगळ्यात अवघड आणि एका अर्थी सगळ्यात सोपं. नुसत्या ‘कुलकर्णी’वरून काहीच कळत नाही. पण ‘कुठल्या गावचे कुलकर्णी?’ याचं उत्तर मिळालं, की कागदांची रास समोर येते. कारण हुद्दा म्हणजे वतन, आणि वतन म्हटलं की भांडण आलंच. भांडणाचे कागद लोक जपून ठेवतात.

जाधव, पवार, मोरे, शिंदे, साळुंखे या कुळांच्या आडनावांचं तिसरंच आहे. ही नावं महाराष्ट्रभर आणि अनेक जातींत पसरलेली आहेत. दोन मोरे एकाच मूळ पुरुषाचे असतील असं समजायला काहीही आधार नसतो. इथे आडनाव बाजूला ठेवून पडनाव विचारावं. गावात चार जाधव भावक्या असल्या तर गावकरी त्यांना एकाच नावाने ओळखत नाहीत. कोणी ‘वरच्या आळीचे’, कोणी ‘चिंचेखालचे’, कोणी आजोबांच्या नावाने ओळखले जातात. जुन्या कागदात कधी कधी तेच पडनाव आडनाव म्हणून उतरलेलं असतं. पाटीलकी असेल तर ‘थोरली तक्षीम (वतनातला वाटा) की धाकटी?’ हा प्रश्न दहा प्रश्नांचं काम करतो. होळीला पहिला नारळ कोणाचा, पोळ्याला पहिला बैल कोणाचा, पालखीला पहिला खांदा कोणाचा, यातून शाखांचा थोरला-धाकटा क्रम कळतो, कारण मान वडिलकीने चालत आलेला असतो.

टोपणनावांवरून आलेल्या आडनावांच्या व्युत्पत्तीत मात्र फार वेळ घालवू नये. ‘आमच्या खापरपणजोबांनी अमुक लढाईत अमुक केलं म्हणून हे नाव पडलं’ अशी गोष्ट प्रत्येक घरात असते, आणि बहुतेक वेळा ती आडनावावरून मागाहून बेतलेली असते.

घरातली चौकशी कागदांच्या आधी करावी. कागद थांबतात, माणसं थांबत नाहीत. ‘आपलं मूळ कुठलं?’ असं विचारलं की ठरीव उत्तर मिळतं. त्याऐवजी सुतकाचं विचारा: ‘आपण सुतक कोणाकोणाचं धरतो? दहा दिवसांचं कोणाचं, तीन दिवसांचं कोणाचं?’ दहा दिवसवाले जवळच्या पिढ्यांतले सपिंड, तीन दिवसवाले त्यापलीकडचे. भावकीची हद्द या एका उत्तरात आखून मिळते, आणि कुठल्या लांबच्या गावच्या माणसांचं सुतक येतं हे कळलं तर स्थलांतराची एक खूणही हातात येते. श्राद्ध होत असेल तर तिथे वडील, आजोबा, पणजोबा आणि आई, आजी, पणजी अशी नावं उच्चारली जातात. बायकांची नावं मिळण्याची ही फार थोड्या जागांपैकी एक. आजी, चुलत आजी, आत्या यांना त्यांच्या सासूचं माहेर कुठलं ते विचारा. सोयरिकी बहुधा बैलगाडीच्या टप्प्यात जमत, म्हणून चार-पाच सुनांची माहेरं नकाशावर मांडली की त्या काळी घराणं कुठे होतं ते दिसायला लागतं. सोयरिकींचं वर्तुळ एका पिढीत अचानक सरकलेलं दिसलं, तर घराणंही त्याच सुमारास हललेलं असतं.

कुलदैवत ही चांगली खूण आहे, पण ती वाचायला शिकावं लागतं. तुळजापूर किंवा जेजुरी असेल तर त्यातून गाव निघत नाही, निम्मा महाराष्ट्र तिथे जातो. देव जितका लहान, तितकी खूण पक्की. विदर्भात चार पिढ्या राहिलेलं घराणं गुहागरच्या व्याडेश्वराला जात असेल तर कोकण नक्की. पण उलटही होतं: कित्येक चित्पावन घराण्यांची कुलदेवी अंबाजोगाईची योगेश्वरी आहे, तेवढ्यावरून ती मराठवाड्यातून कोकणात उतरली असं मांडून मोकळं होणं घाईचं. आणि देव स्वतःही जागा सोडतात. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलामुळे मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. गोव्याकडच्या घराण्याने कवळे हे मूळ गाव धरलं तर ते देवीचं नवं घर धरलं. घराण्याचं गाव केळशीच्या बाजूला, मुरगाव-सासष्टीकडे शोधायला हवं. वसईकडच्या ख्रिस्ती घराण्यांत आडनाव बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्र्याकडून किंवा धर्मपित्याकडून आलेलं असतं. दोन परेरांचं रक्ताचं नातं नसणंच जास्त शक्य. तिथे चर्चची बाप्तिस्म्याची आणि लग्नाची रजिस्टरं हाच रस्ता.

आता जमिनीचे कागद. सगळ्यात जास्त पिढ्या इथे मिळतात, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच कंटाळून परततात, कारण ते एक सातबारा काढतात आणि त्यावर आजोबांचं नाव पाहून थांबतात. सातबारा ही शेवटची पायरी आहे, जिना तिच्या खाली आहे. सातच्या भागात नावांजवळ फेरफारांचे क्रमांक असतात. ते सगळे उतरवून घ्या आणि प्रत्येक फेरफार, म्हणजे गाव नमुना सहाची नोंद, काढा. त्यात जुन्या खातेदाराचं नाव, तो कधी वारला, वारस कोण, त्यांची वयं काय, हे असतं. त्या जुन्या खातेदाराला जमीन ज्या फेरफाराने आली तो क्रमांक त्याच्या काळच्या उताऱ्यावर मिळतो. असं एकेक पायरी उतरत जायचं. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३चा, म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांपर्यंत ही साखळी पोचते. त्या नोंदीतला खातेदार तेव्हा साठीचा असेल तर तुम्ही १८५०च्या आसपास जन्मलेल्या माणसापर्यंत आलात.

वारस फेरफाराची भाषा साधारण अशी असते: ‘तुकाराम बिन राणू मयत. वारस मुलगे १) राणू तुकाराम ए.कु.मॅ. २) म्हादू तुकाराम अज्ञान, अ.पा.क. आई सखूबाई कोम तुकाराम’. यातल्या प्रत्येक शब्दाला किंमत आहे. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, मराठवाडा-खानदेशाकडे तिथे ‘वलद’ दिसेल. ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. त्यावरून बाप वारला तेव्हा मुलगा सज्ञान नव्हता हे कळतं आणि त्याच्या जन्मवर्षाचा अंदाज बांधता येतो. सगळ्यात दगा देतो तो ‘ए.कु.मॅ.’, एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. घरात चार भाऊ असले तरी सातबाऱ्यावर थोरल्या एकट्याचं नाव लागतं आणि पुढे ही तीन अक्षरं. तीही पुढच्या लेखनात गळतात. मग वंशावळीत बाकीचे तीन भाऊ नाहीसेच होतात, आणि त्यांचे नातू समोर आले की ‘हे आपले नव्हेत’ असं ठरतं. एकच मुलगा दिसला की लगेच गाव नमुना सहा-क, म्हणजे वारस नोंदवही, आणि वाटणीचे फेरफार तपासावेत. मुलींची नावं १९५६च्या वारसा कायद्याआधीच्या नोंदींत क्वचितच असतात. त्या नव्हत्या असा त्याचा अर्थ नाही.

गट नंबर आणि सर्वे नंबर यांची सांगड हा दुसरा खड्डा. एकत्रीकरणाचा कायदा १९४७चा, आणि त्याखाली गावोगाव योजना पुढची कित्येक वर्षं होत राहिल्या. त्यात सर्वे नंबर जाऊन गट आले, आणि कित्येकांच्या जमिनीची जागाही बदलली. आजचा गट नंबर घेऊन १९३०चा कागद मागितला तर भलत्याच कुटुंबाची जमीन हातात येते. आधी एकत्रीकरण योजनेचा ९(३), ९(४) चा उतारा काढावा. जुना सर्वे आणि हिस्सा नंबर त्यात मिळतो. कडईपत्रक, फाळणी, शेतवार पत्रक, आकारफोड हे मोजणीचे कागद भूमी अभिलेख कार्यालयात मागायचे, आणि गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, तहसीलच्या अभिलेख कक्षात. बऱ्याच जिल्ह्यांचे जुने सातबारे, फेरफार आणि जन्म-मृत्यूच्या नोंदी ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेल्या आहेत. जिल्हा, तालुका, गाव, कागदाचा प्रकार आणि नंबर घालून शोधायचं. तिथे नाही सापडलं म्हणजे कागद नाही असं समजू नये; पुष्कळदा पान दुसऱ्याच गावाच्या किंवा नंबराच्या नावाखाली चढलेलं असतं. आजूबाजूचे पाच-पाच नंबर उघडून पाहावेत.

कोकणात खोती गावं असल्यामुळे जुन्या उताऱ्यावर खोताचंच नाव ठळक असतं. आपला माणूस कुळ म्हणून शोधावा लागतो, ‘इतर हक्कां’त किंवा १९५७ नंतरच्या कुळकायद्याच्या फेरफारांत. मराठवाड्याचे कागद निजामी राजवटीतले, बरेचसे उर्दूत, सन फसली, म्हणजे महसुली वर्ष. १९५०च्या दशकातलं खासरा पत्रक हा तिथला मराठी वाचकाला उघडणारा पहिला दरवाजा. विदर्भात अधिकार अभिलेख आणि बंदोबस्ताच्या मिसली, म्हणजे फाइली, मागाव्यात. आणि जिल्हा जुना धरावा. सिंधुदुर्ग १९८१पर्यंत रत्नागिरीत होता, जालना औरंगाबादेत. लातूर १९८२पर्यंत उस्मानाबादेत, नंदुरबार १९९८पर्यंत धुळ्यात, पालघर २०१४पर्यंत ठाण्यात. कागद पुष्कळदा जुन्या जिल्ह्याच्या गावीच राहिलेले असतात.

शाळेचं जनरल रजिस्टर सगळ्यांना आठवतं, पण त्यातला रकाना चुकीचा वाचला जातो. जन्मतारीख फारशी खरी मानू नये. गुरुजींनी शाळा सुरू होण्याच्या सोयीने १ जून ठोकून दिलेली असते; एका वर्गात निम्म्या पोरांचा जन्म एकाच दिवशी झालेला दिसेल. खरा माल ‘जन्मगाव’ आणि ‘आधीची शाळा’ या रकान्यांत आहे. घर हललं की पोराची शाळा बदलते, आणि ते वर्ष तिथे पडून राहतं.

याच्यामागे जायचं तर मोडी लागते, आणि तिला पर्याय नाही. रोज तासभर दिला तर अक्षरओळख काही आठवड्यांत होते. हात बदलला, शतक बदललं की पुन्हा अडतं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं, अक्षरं एकमेकांत गुंतलेली असतात आणि शब्द तोडलेले नसतात. म्हणून आडनाव आणि गावाचं नाव एकाच ओळीत मिसळून भलतंच वाचलं जातं. मौ॥ म्हणजे मौजे, क॥ म्हणजे कसबे, प॥ म्हणजे परगणे, सु॥ म्हणजे सुहूर सन (मराठेशाहीच्या कागदांतली कालगणना), एवढ्या खुणा आधी पाठ कराव्यात, म्हणजे ओळीत गाव कुठे आहे ते तरी कळतं.

सनाचं गणित चुकलं की पिढीच सरकते. शक असेल तर ७८ मिळवा, आणि पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंतची तिथी असेल तर ७९. सुहूर सन अक्षरी आणि उलटा लिहितात, एकक आधी: इहिदे एक, इसन्ने दोन, सलास तीन, आर्बा चार, खमस पाच, सीत सहा, सबा सात, समान आठ, तिसा नऊ, मग दशक: अशरीन वीस, सलासीन तीस, आर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन, मया शंभर, मयातैन दोनशे, अलफ हजार. ‘खमस सबैन मया व अलफ’ म्हणजे ११७५. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, कारण हे वर्ष मृगाला सुरू होतं. मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९, पुढे ६००. म्हणजे १७७४-७५. पानिपताचं साल ‘इहिदे सितैन मया व अलफ’, ११६१. त्यावर आपलं गणित पडताळून पाहता येतं. दख्खनचा फसली सन सुहूरपेक्षा नऊने पुढे. ‘छ’ दिसला की पुढची तारीख मुसलमानी चांद्र महिन्याची.

वतनदारांच्या कागदात सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे करीना. वतनावर हक्क सांगणारा माणूस आपलं घराणं या गावी कधी आलं, कोणी आणलं, मूळ पुरुष कोण, मग कोणकोण झाले, हे सगळं त्यात सांगतो. वाचताना एकच विसरायचं नाही, की हा वादीचा जबाब आहे. समोरच्याचा करीना त्याच गोष्टी उलट्या सांगतो. दोघांना मान्य असलेला भाग उचलावा. निवाड्याचा महजर, म्हणजे साक्षीदारांसमोर झालेला निवाडापत्राचा कागद, मिळाला तर शेवटची साक्षीदारांची यादी नीट पाहावी. गावातले पाटील, कुलकर्णी, चौगुला, बलुतेदार, मिरासदार नावानिशी असतात, आणि तुमचं घराणं वतनदार नसलं तरी त्या यादीत कुठेतरी असू शकतं. पुढे इंग्रजी अमलात इनाम कमिशनने, १८५२च्या कायद्याखाली, इनामदारांकडून पुरावे आणि वंशावळी मागवल्या. इनाम किती पिढ्या चालवायचं ते त्यावर ठरणार होतं. साहजिकच दत्तक, औरस आणि भाऊबंद यांच्या बाबतीत त्या कागदांत थोडा स्वार्थ मिसळलेला आहे. हे साहित्य मुख्यतः पुण्याच्या पेशवे दफ्तरात आहे. भारत इतिहास संशोधक मंडळ, पुण्याचंच आणि १९१० सालचं, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ, कोल्हापूरचं पुराभिलेखागार, आणि घराणं दक्षिणेत गेलं असेल तर तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातले मोडी कागद. नुसतं आडनाव घेऊन यातल्या कुठेही गेलात तर हात हलवत परत याल. गाव, परगणा आणि साधारण काळ सांगितला तर रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, बाहेर येतो.

स्थलांतर पकडायची एक जागा मला सगळ्यात आवडते. अठराव्या शतकातल्या गावच्या जमिनीच्या कागदांत मिरासदार, उपरी आणि गतकुळ असे तीन शब्द येतात. मिरासदार तिथला वंशपरंपरेचा कास्तकार, उपरी बाहेरून येऊन जमीन करणारा, आणि गतकुळ म्हणजे ज्यांचं घराणं संपलं किंवा परागंदा झालं त्यांची जमीन. आता एकच घराणं दोन गावांत पाहा. जुन्या गावात त्याची जमीन गतकुळ म्हणून पडलेली आणि नव्या गावात तेच नाव उपरी म्हणून चढलेलं. काही वर्षांनी तिथे मिरासपत्र झालं तर त्यात बहुधा आपण कुठले, तेही येतं. गतकुळाच्या तुकड्याला मात्र जुन्या धन्याचंच नाव चिकटून राहतं. गावात कोणी जाधव उरलेला नसतो आणि शेताला ‘जाधवाचं स्थळ’ म्हणतात. शिवारातल्या शेतांची नावं विचारत फिरावं ते यासाठी.

दक्षिण महाराष्ट्रात, कोल्हापूर-सांगली-सोलापूर आणि पलीकडे बेळगावकडे, हेळवी आहेत. सुगीनंतर बैलावरून येतात, घराण्याची वही उघडतात, मूळ गाव, शाखा कुठेकुठे गेल्या, कोण कोणाचा, हे वाचून दाखवतात आणि नवी नावं चढवून घेतात. इतरत्र हे काम भाट करतात. वहीचा वरचा भाग, जिथे चंद्र-सूर्य आणि राजेरजवाडे येतात, तो आदराने ऐकावा आणि वंशावळीत धरू नये. खालच्या सात-आठ पिढ्या आणि शाखांची गावं मात्र फेरफारांशी ताडून पाहण्याजोगी असतात. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या, थेट रामापासून सुरू होणाऱ्या तयार वंशावळींना तेवढाही मान देऊ नये.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या वेगळ्या. तिथे पूर्वज स्वतः जाऊन लिहून आलेला असतो, म्हणून मी त्या करीन्याच्याही वर धरेन. नाशिकला रामकुंडावर, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, गोकर्ण, प्रयाग, काशी, गया. उपाध्ये गाव, जात आणि आडनावाप्रमाणे वाटलेले असतात. ‘आम्ही पुण्याचे’ म्हटलं तर पुण्याचा उपाध्या पुढे येईल आणि वहीत तुम्ही नसाल. आजोबा-पणजोबांचं गाव सांगा, तेही तालुक्यासकट; नाही सापडलं तर त्याआधीचं. जुनी पानं मोडीत असतात, फोटो काढू देतात का ते आधी विचारावं, आणि नावं स्वतः उतरवून तिथेच पुन्हा वाचून घ्यावीत. एकाच घराण्याची नोंद एका क्षेत्री एका गावाखाली आणि दुसऱ्या क्षेत्री दुसऱ्या गावाखाली मिळाली, तर गोंधळून जाऊ नये. दोन नोंदींच्या मधल्या वर्षांत घराणं हललं.

जुळवणी करताना दोन चुका हमखास होतात. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत असल्यामुळे विठ्ठल रामचंद्र, रामचंद्र विठ्ठल, पुन्हा विठ्ठल रामचंद्र अशी माळ लागते, आणि दोन विठ्ठल एकच समजून मधल्या दोन पिढ्या गिळल्या जातात. प्रत्येक नावापुढे ते ज्या कागदात दिसलं त्याचं साल लिहावं. एकाच ‘विठ्ठल रामचंद्र’च्या पहिल्या आणि शेवटच्या कागदात सत्तर वर्षं निघाली तर ते दोघे आहेत. दुसरी चूक दत्तकाची. दत्तक गेलेला मुलगा बापाचं नाव बदलतो, कधी गाव आणि आडनावही बदलतो. जन्माच्या घरच्या वंशावळीत तो ‘निपुत्रिक’ किंवा ‘बेपत्ता’ म्हणून राहतो आणि दत्तक घरी आकाशातून पडल्यासारखा उगवतो. अशा नावापाशी दत्तकपत्र शोधावं, नाही मिळालं तर तुटक रेघ काढून ठेवावी. पक्क्या रेघेला कागद हवा.

आणि उपाध्यायांच्या वहीपाशी गेलाच आहात तर आपलीही नोंद घालून या. स्वतःचं, भावांचं, मुलांचं आणि मुलींचंही पूर्ण नाव, आजचा पत्ता, त्याआधीचं गाव, खाली सही आणि तारीख. आडनाव मधे कधी बदललं असेल तर जुनंही लिहा.